उत्तरेची खोली

हसू नकोस, केलेब. ऐकीव गोष्ट नाही ही.

ड्वाइट पेटिंगिल माझा शाळेपासूनचा दोस्त. मॅसॅच्युसेट्सच्या आपल्या जिल्हा कोर्टात जुनी मृत्युपत्रं माझ्या ताब्यात असायची. जानेवारीतल्या एका मंगळवारी हा आला. आईला, एडनाला, नव्वदाव्या वाढदिवसाला वंशवेल लिहून द्यायची होती.

"बघू या, पूर्वज राजे निघतात की घोडेचोर," मी म्हटलं.

"घोडेचोर चालतील रे, तुझ्यासारखा कारकून नको!"

त्याच्या एका पूर्वजाचं १७४१चं मृत्युपत्र मिळालं. पेटिंगिल आजही राहतात तेच घर मुलाला, जोसायाला. विधवा टॅबिथाला फक्त उत्तरेची खोली. आणि दर हिवाळ्यात जोसायानं फोडलेली लाकडं तिच्या दाराशी पोचवावीत. खालचा कागद त्याच हिवाळ्यातला. टॅबिथा मेली, तिच्या सामानाची यादी. पलंग एक. किटली एक. खुर्ची एक, पाय नसलेली. लाकडं, काही नाही.

ड्वाइटचा चेहरा उतरला. "पाय जाळले असणार बिचारीनं... आई त्याच खोलीत झोपते रे."

तरी मी नक्कल काढून त्याच्या हाती दिली. त्यानं ती संध्याकाळी आईला वाचून दाखवली. "मेल्यानं आईला लाकडं दिली नाहीत?" एडना कळवळली.

दुसरा दिवस, बुधवार, चौदा जानेवारी. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर बर्फ. उत्तरेच्या खोलीच्या दारावर आतून टकटक.

"जोसाया... लाकडं..."

आवाज आईचा.

ड्वाइट धावला. दार उघडेना. त्या दाराला कडीच नाही, पोरांनो. खांदा लावला. लाथा घातल्या.

"आई! मी आहे, ड्वाइट!"

"लाकडं..."

तो बर्फात पळाला. कवळाभर लाकडं आणून दाराशी टाकली. आतली भिंतीतली शेकोटी त्याच्या आजोबांनीच विटांनी बुजवलेली, पण तेव्हा कुठलं सुचायला?

"आणली गं... घे..."

"उशीर झाला."

मग आत काहीतरी मोडलं. कडकन. पुन्हा. पुन्हा. चार वेळा.

मग... काहीच नाही.

उजाडताना दार नुसत्या बोटानं उघडलं. मी पोचलो तर हीटर चालू, खोली ऊबदार. एडना गारठून मेलेली. ड्वाइट तिचे हात चोळत बसलेला. "आणली होती रे मी," एवढंच म्हणत होता. कागद मीच दिला होता ना.

वय झालं होतं, डॉक्टर म्हणाले. असेल.

पण पलंगाशेजारची तिची खुर्ची जमिनीला टेकली होती. चारही पाय मोडलेले. आम्ही दोघांनी खोली पालथी घातली. त्या पायांची एक ढलपीसुद्धा सापडली नाही.