खानाचा जासूद ॲरिझोनात

मंगोल जासूद किती वेगाने निरोप पोचवत असेल, हे पडताळायला आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरलो होतो. आम्ही म्हणजे संघमित्रा, मी अतुल, आणि एका रँचवाल्याने मोठ्या मनाने दिलेले सहा घोडे. प्रत्येकाचे तीन. एकावर बसायचं, दोन मागे दोरीने बांधायचे, दमला की बदलायचा. याच रीतीने मंगोलांनी अर्धं जग तुडवलं, असं संघमित्राच्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण सांगत होतं. दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्ताच्या आत शंभर मैल झाले तर ते प्रकरण टिकणार, नाहीतर तिचे गाइड ते काढून टाकणार. घोडे पुन्हा मिळणार नव्हते.

मी ॲरिझोनातल्याच चँडलर शहरात संगणकाच्या चिप बनवणारा इंजिनिअर. घोडेस्वारी शिकायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष तर पडण्यातच गेलं.

वाटेत ती मंगोलांविषयी सांगत होती. पोरका तेमुजिन भांडणाऱ्या टोळ्या एकत्र करून खान कसा झाला, इराणातल्या निशापूरमध्ये मुंडक्यांचे ढीग कसे रचले, दहाच्या तुकडीतला एक पळाला तर दहाही जणांना कसं ठार करत. पोळीला तूप लावावं इतक्या शांतपणे ती हे सगळं सांगते. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दुपारी अठ्ठावीस मैल उरले होते. समोर रुंद, कोरडा ओढा. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन, पण लांबच्या डोंगरांवर काळं आभाळ फुटलं होतं. थांबायला हवं होतं. आम्ही थांबलो नाही. तिने आपले तिन्ही घोडे पलीकडे काढले आणि वळून विचारलं, "अतुल, येतोयस ना?"

"हो! हो!" मी ओरडलो.

माझा घोडा जागच्या जागी थांबला! या देशात घोड्याला थांबवायला 'व्हो' म्हणतात. दोन वर्षं मी घोड्यांशी इंग्रजीत बोललो, आणि नेमकं ओढ्याच्या मधोमध मराठीत उत्तर दिलं.

मग गडगडाट झाला. वळणावरून तपकिरी पाण्याची भिंत आली, तिच्यात झाडांचे बुंधे! मी टाचा मारल्या. उशीर झाला होता. एका बुंध्याने मागच्या घोड्याच्या बरगड्या फोडल्या. दोरी ताणली गेली. आम्ही सगळेच वाहू लागलो. कसलीतरी फांदी माझ्या मांडीत घुसली. संघमित्राने सुरी घेऊन पाण्यात उडी टाकली. दोरी कापली! मागचे दोन्ही घोडे पाय वर करून गडगडत गेले. माझा घोडा खडकावर आदळला आणि त्याचा पुढचा पाय मोडला.

तिने मला काठावर ओढलं. मांडीतून रक्ताचं कारंजं उडत होतं. तिने मांडीभोवती कमरेचा पट्टा आवळला, माझेच दोन्ही हात जखमेवर दाबून ठेवले आणि घोड्याकडे गेली. घोडा ओरडत होता. ही बाई रोज सकाळी पंचशील म्हणते, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. रँचवाल्याने अडीअडचणीसाठी दिलेलं पिस्तूल तिने बाहेर काढलं. तिने घोड्याच्या डोळ्यांवर आपला रुमाल टाकला. एकच गोळी!

परत आली तेव्हा ती रडत होती. सॅटेलाइट फोनवरून कळलं, हेलिकॉप्टर यायला तीन तास. सूर्यास्ताला चार; ती लगेच निघाली तरच उरलेले अठ्ठावीस मैल होणार होते. पट्ट्याखालून रक्त अजून झिरपत होतं, आणि माझ्या हातांतला जोर जात होता.

"तू जा यार," मी म्हणालो. "सामान उचलायला आलेल्या माझ्यासारख्या नोकरासाठी पीएचडी घालवू नकोस."

"तुला माहितीये का, नोकर हा शब्द कुठून आला?" तिने माझे हात बाजूला करून आपले दोन्ही तळवे जखमेवर रोवले. "मंगोलांकडून. त्यांच्याकडे नोकर म्हणजे जिवाचा सोबती. आपण त्याचा पार हरकाम्या करून टाकला."

मी निर्लज्जासारखा रडलो.

तिचे तिन्ही घोडे खोगिरासकट उभे होते. सूर्य उतरत गेला. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.