वाळ्याची ताटी

वडील गेले, आता त्या घराची भीती उरली नसेल, असं लतिकाला वाटलं होतं. कलकत्त्याला शिकताना तिनं क्षमेवर दोन भाषणंही दिली होती. प्रत्यक्षात गांधीबागेमागच्या त्या घराचं कुलूप काढलं, आणि तिचे तळवे भाजू लागले.

साल एकाहत्तर, मे महिना. वडिलांना, मधुसूदनरावांना, जाऊन दहा दिवस झाले होते. तार तिला उशिरा मिळाली. शेजारच्या रुखमाबाईनं तेरवीपर्यंत थांबायला सांगितलं. लतिका नाही म्हणाली. उद्याच्या मेलचं तिकीट तिच्याजवळ होतं.

दुपारी ती आपल्या जुन्या खोलीत आडवी झाली. खिडकीला गारव्यासाठी वाळ्याची ताटी बांधलेली होती. ती खरं तर वडिलांच्या खिडकीची. ते झोपले की लहानग्या लतिकानं अंगणात उभं राहून तिच्यावर तांब्यानं पाणी मारत राहायचं. एकदा तिचा डोळा लागला, ताटी वाळली. वडिलांनी तिला उन्हं उतरेपर्यंत तापल्या फरशीवर अनवाणी उभं केलं. फोड गेले, तळव्यांवरचे डाग राहिले.

खोली गार होती. ओल्या वाळ्याचा वास येत होता.

बाहेर पाणी पडलं. छप्. थोडं थांबून पुन्हा, छप्.

रुखमाबाई असेल म्हणून ती बाहेर आली. अंगणात फक्त झळा. बादली कोरडी, तांब्या पालथा. ताटी मात्र ठिबकत होती. खालची फरशी ओली होती, आणि त्या ओलीत दोन पावलांएवढी जागा कोरडी.

संध्याकाळी तिनं विचारलं, तेव्हा रुखमाबाई हातातलं सूप खाली ठेवून बसली.

"मी नाही मारलं वं पाणी... तीन उन्हाळे तुहे बाबाच मारत होते. तुह्या खिडकीले ताटी त्यायनंच बांधली. खोली रिकामी, अन् हे उन्हात उघड्या पायानं उभे."

"काही म्हणायचे?"

"चपला घाला म्हटलं, तं म्हणे... तिनं कुठं घातल्या होत्या?"

त्या रात्री लतिका बराच वेळ रडली, आणि मग शांत झोपली.

सकाळी तिनं तिकीट फाडलं आणि रुखमाबाईला सांगितलं, तेरवी मीच करणार. मग कोनाड्यातल्या वडिलांच्या चपला झटकून बाहेर खिडकीखाली, अंगणाकडे तोंड करून ठेवल्या.

"घाला, बाबा," ती हळू म्हणाली. "फरशी तापेल आता."

बादली भरून ती परत आली, तेव्हा चपलांची तोंडं खिडकीकडे वळलेली होती.