नवव्या मजल्याला अंगण नसतं

हे घडलंय. माझ्याच घरी घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण हसू नका.

बिश्केक शहर. तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. आणि रात्र वगैरे नव्हती बरं का... भर दुपार होती.

सुरुवात घर घेण्यापासून झाली. माझा नवरा तालाय आणि मी, आम्ही दोन घरं पसंत केली होती. एक शहराच्या टोकाला, बैठं, अंगणात जर्दाळूचं झाड. दुसरं नव्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. बैठं घर म्हणजे कोळशाची शेगडी, राख, सकाळी उठून बर्फ उपसणं. फ्लॅटमध्ये बसल्या जागी ऊब. माहेरी मी वीस हिवाळे कोळसा वाहिलाय. मला फ्लॅटच हवा होता.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आपांना, अंगण हवं होतं. त्यांचं दुखणं बरं होणारं नव्हतं आणि हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्यात माणूस गेलं की अंगणात युर्त उभारतात, जाड लोकरी नमद्याचा गोल तंबू. मढं दोन रात्री तिथं ठेवतात. बायका जवळ बसून गाऊन रडतात. त्याला क्षणभरही एकटं सोडत नाहीत.

"माझी युर्त कुठं बांधाल? गच्चीवर?" आपा म्हणाल्या. "का मला लिफ्टमध्ये उभी करून खाली न्याल?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "आपा, तुम्ही आम्हा सगळ्यांना पुरून उराल."

फ्लॅट घेतला. हट्ट माझाच होता.

दुसऱ्याच हिवाळ्यात आपा गेल्या. युर्त गाड्या लावायच्या जागेत उभारली, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. मला लाजेनं मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी पुरुष कबर खोदायला गेले. युर्तीत आम्ही सहा बायका. थंडी उणे बावीस. बोटं वळेनात. एकेक जण चहाला वर जाऊ लागली. अंगण असतं तर चूल चार पावलांवर असती. इथं नऊ मजले, आणि त्यात लिफ्ट बंद.

शेवटी मीही उठले. मोठी नणंद, अनारकुलताई, बाहेर किटली भरायला गेलीय, आत्ता येईल, असं मी धरून चालले.

धापा टाकत वर आले. दार उघडलं.

अनारकुलताई स्वयंपाकघरात चहा ओतत होती.

मी मोजलं... सहाच्या सहा वर.

"खाली कोण आहे?" ताईनं विचारलं.

आणि तेवढ्यात...

खाली युर्तीत कुणीतरी गात रडायला लागलं.

"बघ, आहे कुणीतरी," तालायची मावशी म्हणाली. पण आमच्या खिडकीला दुहेरी काच आहे. खालून ट्रक गेला तरी वर ऐकू येत नाही.

आम्ही जिन्यानं धावलो.

सहाव्या मजल्यावर आवाज ओळखला. तोच घोगरा सूर. मध्येच तोच कोरडा खोकला.

आपांचा.

चौथ्या मजल्यावर शब्द कळले. आमच्याकडं जो गेला त्याचं नाव घेऊन रडतात. आपांचं नाव साइरा. गाण्यात ते नाव नव्हतं...

"बुरुल माझी, गुणाची सून गं... तुला अंगण नाही गं..."

बुरुल म्हणजे मी.

ताईनं दोन्ही तळवे माझ्या कानांवर दाबले. "ऐकू नकोस," म्हणाली. पण माझं ऐकून झालं होतं.

आम्ही खाली पोचलो आणि आवाज थांबला.

युर्तीत कुणी नाही. पडद्यामागं आपा, तशाच झाकलेल्या. कडेनं आमच्या सहा गाद्या. पाच गारठलेल्या. दाराजवळची सहावी दबलेली होती... आणि उबदार.

ती माझी गादी होती. तुझीच ऊब असेल, असं मावशी म्हणाली. मी उठून वीस मिनिटं झाली होती.

त्यानंतर आमच्यात कुणी हा विषय काढलेला नाही. ताई मला भेटली की जरा जास्तच घट्ट मिठी मारते. तालायला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार?

आता आम्ही पुन्हा घर बघतोय. आपांशिवाय फ्लॅट खायला उठतो, असं तालाय म्हणतो. परवा एक बैठं घर बघितलं. मालकीण आत शेगडीचं कौतुक सांगत होती. मी अंगणातच थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. आठ पावलं लांब, आठ पावलं रुंद.

"एवढं काय मोजतेस?" तालायनं विचारलं.

"बसेल," मी म्हटलं. "हेच घेऊ."

त्याला वाटलं, मी गाडीबद्दल बोलतेय.