थेट गाऱ्हाणं

आमच्या वाड्यावर सातेरीला गाऱ्हाणं घालताना काही लपवून चालत नाही. बाबली गुरव आधी नाव विचारतो, मग घर, मग दुखणं, आणि सगळं खड्या आवाजात देवीपुढे मांडतो. प्रत्येक वाक्याला मागे उभी असलेली माणसं म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. मग मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवी बाईमाणूस, तरी तिला म्हाराजा का म्हणायचं, यावरून लहानपणी मी बाबलीकाकांचं डोकं खायचे. ते हसायचे आणि हातावर खडीसाखर ठेवायचे.

मी सुविधा. पेडण्याला एकटी राहते, बाजाराजवळ कंप्युटरचा क्लास चालवते, रविवारी घरी येते. बचत गटाच्या बायका येतात, पेन्शनवाले येतात. त्यांना घसा फोडून सांगते की ओटीपी कोणाला देऊ नका, घराला कुलूप लावून देवदर्शनाला निघालात तर वाटेतून फोटो टाकू नका. माना डोलावतात आणि पायऱ्या उतरता उतरता माझाच फोटो काढून ग्रुपवर टाकतात. चिडून उपयोग नसतो, पण मी चिडते. माझी जन्मतारीख माझ्या मैत्रिणींनासुद्धा ठाऊक नाही.

देवळात मोबाईल आणला तो कमिटीच्या कृष्णनाथने. खांबाला स्टँड बांधला आणि दर रविवारची पूजा, गाऱ्हाणी, सगळं लाईव्ह सुरू केलं. मी भांडायला गेले.

"अगे, गावची पोरां दुबयत आसत, बोटीर आसत," तो म्हणाला. "तेंका थंय बसून दर्शन गावता. तुका काय अडचण?"

"दर्शन दाखव. गाऱ्हाणी कशाला दाखवतोस? कोणाचं पोर आजारी, कोणाचं घर रिकामं, हे जगाला कशाला?"

"देवीक कळला तर चलता, आणि माणसांक कळला तर नाय?"

यावर देवळातली सगळी हसली. आईसुद्धा हसली. मी तणतणत घरी आले.

आणि खरं सांगायचं तर लोकांना ते आवडलं. परदेशातली पोरं खाली लिहायची, 'व्हय म्हाराजा'. इथे बाबलीकाका बोलायचे, मागची माणसं म्हणायची आणि पडद्यावर तीच अक्षरं वर सरकत जायची. त्यात एक खातं होतं, नाव 'भाविक', फोटो नाही. सगळ्यांत आधी त्याचं यायचं. मी म्हटलं, असेल कोणीतरी निवृत्त मास्तर.

माझा धाकटा भाऊ गौरेश बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. मोप्याला विमानतळ झाल्यावर पठाराच्या कडेची आमची काजूची बाग विकली गेली. त्याच्या वाट्याचे पैसे त्याने क्रिप्टोत घातले आणि नोकरी सोडून घरी बसला. आमच्या आईला, शेवंतीला, याचा अर्थ एवढाच कळला, की पोरगा दिवसभर मोबाईल बघतो आणि लग्नाचं नाव काढत नाही. पण गौरेश वेडा नव्हता. माझ्याहून सावध होता. कुठे फोटो नाही, कुठे खरं नाव नाही. मला एकदा त्याने समजावलं होतं.

"सुवी, बँकेत चोरी झाली तर तू जाऊन आरडाओरडा तरी करशील. इथे बारा शब्द आहेत. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचे पैसे. ते माझ्या डोक्यात आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि सगळे व्यवहार उघड्यावर असतात, कोणीही बघावेत. फक्त ते कोणाचे, हे कळत नाही. हे एवढं झाकलेलं असलं की मी सुखी."

सुवी मला तो एकटाच म्हणायचा.

फाल्गुनातल्या एका रविवारी आई देवळात गेली आणि तिने गौरेशचं गाऱ्हाणं घातलं. बाबलीकाका विचारत गेले, ती सांगत गेली. "शेवंतीचो झील गौरेश, बागेचे पैशे मोबाईलातल्या नाण्यांत घातल्यान, गे माये..." व्हय म्हाराजा. "तेची चावी तेच्या डोक्यात आसा, दुसऱ्या कोणाक गावना..." व्हय म्हाराजा. "घरात आवय आणि झील, दोघांच..." व्हय म्हाराजा. "तेच्या डोक्यातलो तो भार उतरय." व्हय म्हाराजा.

पाकळ्या पडल्याच नाहीत. दुपार टळेपर्यंत चिकटून राहिल्या. बाबलीकाका म्हणाले, असं मी कधी पाहिलं नाही.

मी घरी पोचले तेव्हा गौरेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आवाज चढलेला नव्हता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, तू सगळ्या जगाक सांगलंस."

"मी देवीक सांगलंय रे! देवीक नाय सांगूचा तर कोणाक सांगूचा?"

मी कृष्णनाथला फोन करून शिव्या घातल्या. त्याने तो व्हिडिओ पुसला, बिचारा घाबरलाही. पण पुसलेलं किती जणांकडे उरतं हे मला ठाऊक आहे, मीच ते शिकवते. त्या संध्याकाळी गौरेशच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून एक मेसेज आला. दोनच शब्द, 'व्हय म्हाराजा'. उलट फोन केला तर नंबर लागेना. कोणीतरी मस्करी करतंय, मी म्हटलं. त्याला पणजीला माझ्या मैत्रिणीकडे जाऊन राहा म्हटलं, तर म्हणाला, आईला एकटं सोडून?

पुढचे दिवस मी घरीच राहिले. गेटपाशी कोणी आलं नाही. कोणी धमकी दिली नाही. मी धमकीची वाट बघत होते, कारण धमकीचं काय करायचं ते मला कळतं. झालं ते वेगळंच. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आई म्हणाली, "भात इल्लो मऊ झालो." शेजारी पडलेला मोबाईल थरथरला. व्हय म्हाराजा.

गौरेशने सिम काढून फेकलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, माझ्या गुडघ्यात दुखतं. मोबाईल थरथरला. मी माझा बंद केला, आईचा बंद केला, टीव्हीची वायर काढली, राउटर काढून अंगणात नेऊन ठेवला. मला कोणी भित्री म्हणू नये, मी एक एक यंत्र तपासलं. कुठे काही सापडलं नाही. गौरेशने खिडक्यांची दारं लावून घेतली. घरात आम्ही तिघं खुणांनी बोलायला लागलो. आईला ते जमायचं नाही, ती तोंडावर हात ठेवून रडायची. माझ्या भावाला मी तेव्हा पहिल्यांदा म्हातारा झालेला बघितला. आणि मी त्याला सेटिंग्ज बदलायला सांगत होते.

एकदा त्याने माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, 'आता मी मनात बोललो तरी येतं.'

मी मान हलवली. विश्वास ठेवला नाही. झोप नाही म्हणून होतंय, असं समजले.

तो गेला ते भर उन्हात. आई अंगणात भिंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळत घालत होती. तो पुढच्या ओसरीत, सोप्यावर बसला होता, तिच्याकडे बघत. तिने सोलं परतली, वर पाहिलं, सोपा रिकामा. तिला वाटलं आत गेला. आत नव्हता. मागचं दार आतून लावलेलं होतं आणि अंगणातून जायचं तर आईला ओलांडून जावं लागलं असतं. मोटारसायकल जागेवर, पाकीट खुंटीवरच्या पँटीत.

पोलीस आले. आले आणि चांगलं वागले. विहिरीत उतरले, बागायतीत फिरले, चापोरा नदीच्या काठाने गेले. पैशांसाठी उचलला असणार, हेच त्यांचंही म्हणणं. पण पैसे जागचे हलले नव्हते. त्या नाण्यांच्या खात्याचा पत्ता त्याने मला एकदा दिला होता. रोज सकाळी चहाआधी मी उघडून बघायचे. सगळं तसंच, धक्का न लागलेलं. पोलिसांतला एक म्हणाला, मग चोर कसला हा? नेला तो माणूसच फक्त?

त्यावर मी घरी येऊन न्हाणीत तोंड दाबून रडले. पैसे गेले असते तर बरं झालं असतं. सगळे गेले असते, आणि तो सोप्यावर डोकं धरून बसलेला असता, तर मी त्याला चहा करून दिला असता.

लाईव्ह कृष्णनाथने आधीच बंद केलं होतं. ते पुन्हा सुरू कर म्हणून आई त्याच्या दारात जाऊन बसली.

"माझो झील खंयसून तरी बघीत," ती म्हणाली. "माका बघीत, देवीक बघीत. चालू कर रे, पाया पडतंय."

मी अडवायला गेले होते. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला झाले.

रविवारी देऊळ भरलं. बाबलीकाकांचा आवाज फुटत होता. "शेवंतीचो झील, गे माये, खंय आसा तो दाखय..." मागून माणसं म्हणाली, व्हय म्हाराजा. पडद्यावर कोणीच काही लिहिलं नाही. भाविकसुद्धा नाही. मी माझ्या मोबाईलवर बघत खांबाला टेकून उभी होते. बाबलीकाकांनी पाकळ्या लावल्या. मग पडद्यावर भाविकच्या नावाखाली एक ओळ आली.

'सुवी, आईक मोठ्यान बोलूक सांग. हंय बरा आयकूक येना.'

 मी आधी खातरजमा करायला गेले, कारण मी तशीच आहे. लिहिलं, तू गौरेश असशील तर बाबांचं घड्याळ कुठे गेलं?

'मी विहिरीत टाकलंय. आळ तू अंगार घेतलंस आणि मार खाल्लंस.'

हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मग लगेच माझं मन म्हणालं, जो त्याला धरून बसलाय त्याने हेही काढून घेतलं असेल. ठकवणारी माणसं हेच करतात, मी पन्नास वेळा फळ्यावर लिहिलंय. आणि त्याच मनाने मी लिहिलं, कुठे आहेस रे?

'हंय लोक खूप आसत. सगळे आयकत बसलेले आसत. कोणच बोलना.'

कृष्णनाथने स्टँडवरून मोबाईल काढला. लाईव्ह संपलं. पाकळ्या मूर्तीवर चिकटलेल्याच होत्या, सुकून काळ्या होईपर्यंत राहिल्या. त्या दिवसापासून आमच्या देवीने कोणालाच कौल दिलेला नाही. लोक नारळ ठेवतात आणि परत जातात.

मी आईला काही वाचून दाखवलं नव्हतं. पण आया हुडकून काढतात. परवा दुपारी मी पेडण्याहून आले, तर ती सोप्यावर बसलेली. मांडीवर गौरेशचा मोबाईल. सिम नाही, चार्जिंग नाही, मीच कपाटात टाकलेला. पडदा काळा होता. आणि ती त्याच्याशी गाऱ्हाण्याच्या चालीवर बोलत होती.

"आमची सुविधा पेडण्याक एकटीच ऱ्हवता, वरल्या माळ्यार. सांजचा क्लास सुटलो की चलत येता. कडी मोडलेली आसा, माका सांगना, पण माका कळता..."

"आई!"

"गप गे. तो आयकता." तिने मोबाईल तोंडाजवळ नेला. गाऱ्हाण्याची चाल सुटली, तिचा रोजचा आवाज आला. "झिला, जेवलंस काय रे?"

पडदा उजळला.

'नाय.'

आईचा हुंदका फुटला. मी तिच्या शेजारी बसले आणि तिला धरलं. दोघी रडलो, कितीतरी वेळ, भाऊ गेल्यापासून एकत्र अशा रडलोच नव्हतो. मोबाईल ओढून घ्यावा, दगडाने फोडावा, हे मला सुचलं. हात तिथपर्यंत गेलाही.

अक्षरं पुन्हा उमटली.

"माका दिसना," आई म्हणाली. "काय लिवल्यान गे? वाच."

खोटं सांगता आलं असतं. मी वाचलं, "सुवीकय सांगूक सांग. सगळा सांगलास तर सोडतले, म्हणता."

आईने मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.

सोडतील, हे वाक्य प्रत्येक ठक म्हणतो. मला पाठ आहे.

मी ओढणी सावरली. हात जोडले.

"सुविधा," मी म्हटलं. मग बापाचं नाव सांगितलं, मग घर. मग जन्मतारीख. मग ती गोष्ट, जी मी गौरेशलासुद्धा सांगितली नव्हती. आई डोळे मिटून, प्रत्येक वाक्याला हळू आवाजात म्हणत होती, व्हय म्हाराजा.

माझ्याकडचं संपलं तेव्हा ऊन अंगणातून गेलं होतं. पडदा उजळला.

"काय म्हणता गे?" आईने विचारलं. "येता म्हणता?"

"आणखी सांग, म्हणता."