शुक्रवारचा शेवट

"ही माझी सीट आहे."

"असंल. पन इथं नंबर न्हाय चालत. बसंल त्याची सीट."

"मग उठा. मी बसते!"

तो हसला, उठला आणि शेजारच्या खुर्चीत सरकला. माझ्या मैत्रिणीनं ऐन वेळी कल्टी मारली होती, म्हणून ती खुर्ची रिकामी होती.

शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणजे थिएटर तुडुंब. वळ गावच्या गोदामात पॅकिंग करते मी. माझी सुट्टीही शुक्रवारचीच.

पिक्चर लढाईतल्या प्रेमाचा. तो सीमेवर आणि ती विहिरीवर, वाट बघत. गोळी सुटली की सगळं थिएटर ओरडायचं, "झुक जा भाई!" ती रडायला लागली की मात्र चिडीचूप. या लूमवाल्यांच्या बायका दूर गावी, वर्षातून एकदा भेटणाऱ्या. त्यांना वाट बघणं कुणी शिकवायला नको.

अखेर हिरो ट्रंक घेऊन अंगणात उभा राहिला आणि शिट्ट्यांनी कान फुटायची वेळ आली. पुढच्या रांगेतल्या चाचांनी गमछ्यानं डोळे पुसले. "चलो, घर पहुँच गया," म्हणाले आणि उठले. त्यांच्यामागे सगळं थिएटर उठलं. पडद्यावर लग्नाचं गाणं चालू होतं.

"संपला?" मी विचारलं.

"घरी आला ना? अजून काय पायजे?" तो म्हणाला. "डोळे पुसा... काजळ पार हनुवटीवर आलंय."

"आधी तुमच्या कानावरचा कापूस पुसा!"

त्यानं भलत्याच कानाला हात लावला. शेवटी मीच काढला तो.

त्याचं नाव भूपेश. अंबाडी गावचा. इथं लूम दुरुस्त करायचा. शुक्रवारची गर्दी बघून थिएटरवाला पिक्चर उतरवेना, आणि आम्हीही जायचं सोडेना. दर वेळी हिरो घरी आला की सगळे उठायचे. आम्हीही उठायचो, टपरीवर चहा प्यायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

एकदा चहाचा ग्लास हातात फिरवत तो म्हणाला, "पूर्वा... सैन्याच्या भरतीत नाव लागलं माझं."

मी माझा ग्लास खाली ठेवला.

"थांबशील?" त्यानं विचारलं.

"थांबेन की! विहिरीवरची थांबली, तिचा आलाच ना?"

तो चहा तसाच ठेवून उठला.

तो जायच्या आठवड्यात, मंगळवारी, गोदामात माल आला नाही. लवकर सुटले. त्याची फार आठवण येत होती, म्हणून एकटीच पिक्चरला गेले. लूम चालू, थिएटर रिकामं. हिरो घरी आला. गाणं सुरू झालं... आणि कुणीच उठलं नाही.

गाण्यानंतरही पिक्चर होता! त्याची रजा संपली, तो परत गेला. मग जिथं ट्रंक ठेवली होती, त्याच अंगणात तिरंग्यातली पेटी आली.

हमसून हमसून रडले. आणि मग असा राग आला! भूपेशला हा शेवट माहीत होता, म्हणूनच तर त्या दिवशी चहा टाकून उठला होता. माहीत असून त्यानं मला 'थांबेन' म्हणू दिलं होतं.

तो निघाला त्या दिवशी एसटी स्टँडवर गेले ती भांडायलाच. जाऊ नकोस म्हणणार होते, सगळ्यांदेखत. पण त्याच्या आईनं, कमळीमावशीनं, आधीच माझा हात धरला.

"तूच का गो पूर्वा? मलाबी दावला यानं त्यो पिक्चर, शुक्रवारी. लय जीव घाबरा झाला. पर आला गो पोरगा घरी! तू बी पायलंस ना? येतो ना त्यो?"

भूपेश माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"येतो, मावशी," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

तो जवळ आला. हळूच म्हणाला, "कदी पायलंस?"

"मंगळवारी."

"मंग... आता?"

त्याच्या कॉलरवर अजून कापसाचा तंतू होता. तो काढायला हात पुढे केला, पण राहू दिला.

"आता रागावलेय. तू आलास की भांडणार आहे. तोपर्यंत थांबते."

त्यानं मान हलवली. बस सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि तोवर आवरून धरलेलं रडू मला फुटलं. मावशीनं पदरानं माझं काजळ पुसलं.

"रडू नको गो. त्यो पिक्चर अजून हाय का? मला शेवट परत बघायचा हाय."

"आहे, मावशी. शुक्रवारी जाऊ आपण," मी म्हटलं. "फक्त सगळे उठले, की आपणही उठायचं."