वेळेआधी फुललेलं झाड

“विझव म्हणू नये रे गोरख, वाढव म्हणावं. दिवा ऐकत असतो.”

आईचा हा आवाज गोरक्षनाथ मास्तरांच्या कानाशी चाळीस वर्षं तसाच राहिला होता. हाताशी चिमणी, ओठांवर अर्धी ओवी आणि मग अलगद उतरणारा काळोख. आई गेली, चिमणीही गेली, नगरात विजेचे दिवे आले. पण मास्तर अजूनही खटका बंद करताना मनातल्या मनात म्हणत, वाढवला.

पौषातल्या एका दुपारी तोच शब्द तक्रार होऊन जिना चढून आला.

महायुद्ध संपल्यानंतरची ती पहिलीच पौष पौर्णिमा नुकती झाली होती. नगरच्या तोफखाना भागातल्या माडीवर काकासाहेब सुपारी कातरत बसले होते. वीस वर्षं रेल्वेतल्या मालचोऱ्या शोधून आता ते खासगी तपास करत. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, शेजारी राहणारे, आणि प्रत्येक तपासात सावलीसारखे बरोबर असणारे. काकासाहेब त्यांना चिडवत, “मास्तर, तुम्ही सगळं बघता हो, पण नुसते रंगच बघता.”

दारात साठीचा एक माणूस उभा राहिला. डोक्याला फेटा, दोन्ही पंजांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग.

“मी गनी पिंजारी, कोल्हारचा. कापूस पिंजतो. पर मुलुख वळखतो दारूकामावरून.”

“दारू?” मास्तर दचकले.

“प्यायची न्हवं मास्तर, उडवायची. शोभेची.”

माडीत उजेड बेताचा होता. काकासाहेबांनी चहा पुढे सरकवला. गनीभाईंनी बशीची कड आधी बोटांनी चाचपली, मग ती उचलली.

“धंदा आहे का तो?”

गनीभाई नुसते बघत राहिले. मास्तरांनी प्रश्न मोठ्यानं विचारला.

“पिंजाऱ्याच्या कानात कापूसच असायचा!” ते हसले. “धंदा कसला? याड हाय. भगवतीच्या जत्रंला पवरा नदीच्या वाळूत मी आगीचं झाड लावतो. बांबूचा सांगाडा, फांदीफांदीला नळ्या. दारूचा सोरा जिभंवर ठेवून पारखायचा, गार लागला तर चांगला. कोळसा रुईच्या काडीचा. सहा वर्सं लढाईपायी सोरा मिळाला न्हाई. औंदा मिळाला. दोन महिने खपलो, साहेब.”

“मग?” काकासाहेबांनीही आवाज चढवला.

“आमच्यात रीत हाय. पालखी घाटावर येती, पाटील नारळ वाढवत्यात. घाटावर माझा पुतन्या चांद उभा असतो, तो वरडतो, ‘वाढवला!’ की वाळूत वात पेटवायची. औंदा वात पेटवायला माझा दोस्त पुंजाराम हुता. पालखी अजून येशीतच हुती, सारं गाव तिच्यापाशी. आन् पुंजानं झाड पेटवलं. रिकाम्या वाळूत सगळं जळून गेलं. त्यो म्हनतो, मी ‘वाढवला’ ऐकलं. पर गावात कुनीच तसं बोललं न्हाई.”

“गाव काय म्हणतं?”

“पुंजानं मुद्दाम केलं म्हनत्यात. लढाईआधी एकदा आमची बाचाबाची झालती, वात कुनी लावायची यावरून. परवा चावडीत पंच बसनार. पुंजा खोटा ठरला तर पालखीला खांदा द्यायचा त्याच्या घरचा मान जाईल. आन् दारूकाम कायमचं बंद.” गनीभाईंचा आवाज उतरला. “पुंजा खोटं बोलत न्हाई. चाळीस वर्सं वळखतो. पर मग बोललं कोन?”

मास्तरांना ते जळलेलं झाड डोळ्यांपुढे दिसायला लागलं होतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, “कसं दिसलं हो ते?”

“आदी सूं… करून बान गेले. मग झाडाची तडतड, तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी. मग धडाम, धडाम. मग पान्यात चुरचुर झालं. मग समदं गप.”

“आणि रंग?”

“रंग असत्यात तसेच हुते,” म्हणून गनीभाई उठलेच. “तीनची मोटार गाठतो.”

“आजची रात्र इथंच राहा की. सकाळी मिळून जाऊ.”

“न्हाई साहेब. दिस हाय तवर घर गाठलेलं बरं.”

*

दुसऱ्या दिवशी दोघं कोल्हारला उतरले तेव्हा प्रवरेवर धुकं अजून लोळत होतं. कुणी नदीला पांघरूण घालून विसरून गेल्यासारखं. वाळूत काळ्याठिक्कर बांबूंचा सांगाडा उभा होता. तिथून साठेक पावलांवर गनीभाईंची पाचटाची झोपडी, आणि पुढे कितीतरी लांब घाट.

सांगाड्याखाली पुंजाराम बसला होता. काटक शेतकरी, डोळे रात्रभर जागलेले.

“नेमकं काय ऐकलंत?” काकासाहेबांनी विचारलं.

“‘वाढवला’. येकदाच. सपष्ट.”

“‘वाढवलं’ नाही? ‘वाढवली’ नाही?”

“‘वाढवला’, साहेब. भगवतीची आन.”

“आवाज कुणाचा?”

पुंजारामनं मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सांडू दिली. “धुकं लई हुतं. न्हाई वळखला.”

“चांदचा होता?”

“वाटलं, त्याचाच असंल.” तो वर बघत नव्हता.

“वात दर वर्षी गनीभाईच लावत ना? यंदा तुमच्याकडे कशी?”

“त्येनंच काकडा हातात दिला. म्हनला, पुंजा, औंदा तुझा मान. मी रडलो, साहेब. भांडलो हुतो ना कधीकाळी त्याच्यासाठीच.” मग तो सांगाड्याकडे बघत राहिला आणि त्याचा आवाज स्वप्नात बोलल्यासारखा झाला. “काय फुललं हुतं! आदी रुपेरी, जुंधळ्याच्या कनसावानी. मग हिरवं, मग येकदम तांबडं, जास्वंद जशी. समदं धुकं आतून पेटलं हुतं. दोन महिने त्यो खपला, आन् बगायला मी येकटा.”

मास्तरांनी डोळे मिटले. मिटल्या पापण्यांवर जास्वंद फुलली.

घाटाच्या पायरीशी छबूबाई कासारीण बांगड्यांचे चुडे गुंडाळत होती. ‘वाढवला’ हा शब्द ऐकताच तिनं कपाळावर हात मारला.

“अवो, जत्रंत माझ्या तोंडात दुसरं काय असतंय? कुनाची बांगडी हातात फुटली की मी म्हनते, ‘वाढवली गं बया!’ सांजंला गाशा गुंडाळला की म्हनते, ‘चला, दुकान वाढवलं!’ आता ह्याच्यापायी मला फाशी देता का?”

“देणार नाही,” काकासाहेब गंभीरपणे म्हणाले. “तुम्ही शुद्ध बोलता.”

चांदभाई तिथंच घुटमळत होता. पंचविशीचा, मिशीला तेल लावलेला, पण चेहरा ओशाळलेला.

“मी न्हाई वरडलो, साहेब. मी त्या टायमाला भज्यांच्या गाडीपाशी हुतो. तोंडात गरम भजं. धा मान्सं साक्षीला हायेत. वरडायचं म्हनलं तरी वरडता आलं नसतं.”

“भज्याची साक्ष पक्की आहे,” काकासाहेब म्हणाले. “आणि पाटलांचा नारळ?”

“त्यो येशीत त्यांच्या हातातच हुता, शेंडीसकट.”

“वाळूत दिवे किती होते?”

“येकच. चाचाच्या झोपडीतला कंदील. पर त्यो कुनी वाढवलाच न्हाई. सकाळी मीच उचलला. काच काळी, तेल ठनठनीत आटलेलं. रातभर जळत हुता.”

मास्तरांचा चेहरा पडला. वाळूवरून परत येताना ते म्हणाले, “संपलं की हो. नारळ वाढवला नाही, दिवाही वाढवला नाही. म्हणजे पुंजारामच…”

“मास्तर, शाळेत व्याकरण शिकवलंत कधी?”

“चित्रकला शिकवली.”

“तरीच,” काकासाहेब म्हणाले आणि गनीभाईंच्या घराकडे वळले.

*

हाजराबी अंगणात कापूस निवडत होत्या. ओठांवर एक ओवी होती. पाहुणे दिसताच ती थांबली, पण मास्तरांच्या कानात तिचा शेवट राहून गेला:

*पवरंच्या वाळूमंदी आगीला आला बार,*
*राजाच्या हातानं गं फुलला अंधकार.*

काकासाहेबांनी शब्दाबद्दल काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, “झोपडीत कंदील कुणी लावला होता?”

“मीच. दिस बुडताना.”

“मध्ये कुणी हात लावला? वाढवून पुन्हा पेटवला?”

“कोन लावंल? सांजंला लावला त्यो आपसूक तेल सरल्यावरच गेला.”

“बरोबर कोण होतं?”

“आमी दोगंच.” आणि मग घराकडे तोंड करून, दोन घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, “अवो! नगरचं पावनं आल्यात!”

मोजून पाच कावळे वडावरून उडाले. काकासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले.

“हाजराबी, एक विनंती. पुंजारामला बोलावून घ्या. आम्ही दिवेलागणीपर्यंत इथंच बसतो.”

*

ऊन नदीपलीकडे उतरलं. आधी झाडांचे रंग गेले, मग भिंतींचे. हाजराबींनी कंदील लावून ओट्याच्या कडेला, गनीभाईंच्या उजव्या हाताशी ठेवला. काच तशी काजळलेलीच होती. पुंजाराम कोपऱ्यात उकिडवा बसला.

“मास्तर,” काकासाहेब हळू म्हणाले, मग गनीभाईंसाठी आवाज चढवला. “पुंजारामनं ‘वाढवला’ ऐकलं. छबूबाई ‘वाढवली’ म्हणते, ‘वाढवलं’ म्हणते. म्हणजे ती नव्हे. पुंजाराम खोटं बोलत असता तर छबूबाईवर ढकलणं सोपं होतं. पण त्यानं मला शब्द बदलू दिला नाही.”

“म्हणजे नारळ, नाहीतर दिवा,” मास्तर म्हणाले.

“नारळ पाटलांच्या हातात होता. राहिला दिवा. वाळूत एकच कंदील, आणि तो रात्रभर जळत होता. इथंच सगळं गाव अडलं. गावानं मानलं की कंदील वाढवला नाही, म्हणजे ‘वाढवला’ असं कुणी बोललंच नाही. पण मास्तर, जळत्या दिव्याला ‘वाढवला’ कुणी म्हणू शकत नाही का?”

“म्हणेल कशाला? समोर दिसतोय ना जळताना.”

“ज्याला दिसतो, त्याला कुणी म्हणणार नाही.”

मास्तरांना आधी काहीच उमगलं नाही. मग एकदम कालची दुपार आठवली. बशीची कड चाचपणारी बोटं. सूं, तडतड, धडाम, चुरचुर.

“रंग!” मास्तर पुटपुटले. “दोन महिने खपून केलेलं झाड, आणि सांगताना एकसुद्धा रंग नाही. सगळे नुसते आवाज.”

“आज रंग बघण्यानंच तपास लागला, मास्तर. मी तर तीनच्या मोटारीपाशीच घोटाळत होतो. दिवस आहे तोवरच घर गाठणारा माणूस. जन्मभर स्वतः वात लावणारा, आणि यंदा काकडा दोस्ताच्या हाती देणारा.”

पुंजारामनं मान वर केली. “मान म्हनून दिला न्हवता?”

“मानही होताच,” काकासाहेब म्हणाले. “आता तुम्ही सांगा. बाईचा आवाज साठ पावलांवरून ओळखू येत नाही?”

पुंजारामनं पुन्हा मान खाली घातली. “भाबीचाच हुता. वाटलं, चांदनं झोपडीत निरोप धाडला आसंल आन् भाबी वरडली. पर चावडीत धा गड्यांपुढं तिचं नाव कसं घेऊ? माझा मान गेला तर गेला.”

“भाऊजी!” हाजराबी पुढे आल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला, मग खाली सोडला. “मीच म्हनाले. हे म्हनले, ‘हाजरा, दिवा वाढवलास का गं? येकदम अंधार झाला.’ आन् कंदील ह्यांच्या हाताशी जळत हुता. कंदिलाकडं तोंड, आन् इचारत्यात दिवा वाढवलास का. काय सांगू? तुमची नजर गेली म्हनू? त्या येळंला? झाड पेटायच्या आदी? म्हनलं, ‘व्हय, वाढवला.’ ह्यांना ऐकू जावं म्हनून मोठ्यानं म्हनलं. आन् आभाळ पेटलं.”

“आणि गप्प राहिलात,” मास्तर म्हणाले.

“बोलले असते तर ह्यांचं डोळं चावडीवर गेलं असतं. मग कुनी सोरा हातात धरू दिला असता? मला वाटलं, ह्यांना अजून म्हाईत न्हाई. म्हाईत नको व्हायला.”

कंदिलाची वात जराशी फुरफुरली. काकासाहेब उठले. “उद्या चावडीत मी एवढंच सांगेन की झोपडीत दिव्यावरून बोलणं झालं आणि शब्द धुक्यातून चुकीच्या माणसापर्यंत गेला. नारळ आणि दिवा, दोन्हींना आपण एकच शब्द देतो. पुंजाराम खरा आहे. त्यापुढचं ज्याचं त्यानं सांगावं.”

गनीभाई इतका वेळ नदीकडे तोंड करून बसले होते. नदी कुठे आहे, ते तिच्या आवाजावरून कळत असावं. आता त्यांचा भाजलेला उजवा हात सावकाश पुढे झाला, आणि काचेपासून चार बोटांवर, ऊब घ्यावी तसा थांबला.

“हाजरा,” ते म्हणाले, “त्या सांजंलाबी माझा हात असाच हुता. कंदिलाची ऊब लागत हुती मला. तू ‘वाढवला’ म्हनलीस, तवाच कळलं, दिवा हाय, माझी नजर गेली. तुझा शब्द मोडवंना, आन् पुंजाबी खोटा ठरू नये, म्हनून नगरला जाऊन परक्याला इचारलं.” त्यांनी अंधारात दुसरा हात पुढे केला, तो पुंजारामनं धरला. “भादव्यापासून दिस बुडला की मला दिसत न्हाई, पुंजा. निस्ता दिवा तेवढा दिसायचा, त्या सांजंला त्योबी गेला. झाड पेटलं तवा नुसता उजेड हालल्यावानी झाला. आता तू सांग. माझ्या झाडाला फुलं कुटल्या रंगाची आली हुती?”