मावशीचा पिंजरा

हे मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट तरी निराळा केला असता.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोमवार होता, आमच्या प्राणिसंग्रहालयाचा सुट्टीचा दिवस. दुपारचे चार वाजलेले. लख्ख ऊन. ही भुताची वेळ नव्हे, हे मलाही कळतं.

प्राणिसंग्रहालय कसलं, एवढंसं. वीटभट्टी बंद पडली आणि त्या मोकळ्या जागेत वस्तीतल्या लोकांनीच ते उभं केलं. कुठलीशी सर्कस मोडली, तिचं मागे राहिलेलं अस्वलाचं पिल्लू हा पहिला पाहुणा. मग सात हरणं आली, एक आळशी मगर आली, आल्यागेल्याला शिव्या घालणारा पोपट आला. पण गर्दी व्हायची ती अस्वलीच्या पिंजऱ्यापाशी. मुलं तिला मावशी म्हणायची.

मावशीला सांभाळायला दोघं होते. एक माझा मामा. दुसरा कोकीळ. आवाज फुटक्या पत्र्यासारखा, म्हणून हे नाव.

त्यांच्या कामाची एक रीत होती.

पिंजऱ्यामागे अंधारी कोठडी. मधे वर सरकणारा लोखंडी दरवाजा. मावशीला कोठडीत कोंडायचं, मग एकाने पिंजरा झाडायचा, दुसऱ्याने भिंतीपलीकडे साखळीपाशी बसायचं. साखळी ओढली की दरवाजा वर. तिथे बसलेल्याला आतलं काही दिसत नाही. म्हणून आतल्याने गात राहायचं. बाहेर पडून कडी लावली की मगच थांबायचं.

गाणं थांबलं, तरच साखळी ओढायची.

एके दिवशी दरवाजा वर गेला तेव्हा कोकीळ आतच होता.

मामा म्हणाला, गाणं थांबलं होतं. सगळ्यांनी ते मानलं. मीही मानलं. वडील गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. त्याचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

पुढे मावशीही म्हातारी होऊन गेली. पिंजरा रिकामा पडला. मग गेल्या वर्षी वस्तीच्या समितीच्या मनात आलं, मुलांना आत सोडू, फोटो काढू देऊ, आणि आतल्या भिंतीवर सगळा इतिहास रंगवून घेऊ. मी पाट्या रंगवते. काम माझ्याकडे आलं.

मामा साखळीला ग्रीस लावायला आला होता. कोकीळबद्दल काय लिहायचं ते त्यानेच सांगितलं. स्वतःच्या चुकीने गेला, असं लिही.

मी म्हटलं, त्याची बायको येते रे इथे, बरं दिसेल का ते?

"खरं ते लिहायचं," मामा म्हणाला. आणि भिंतीपलीकडे जाताजाता, "गात राहा गं."

कुणासाठी गाऊ, कोठडीत उंदीरसुद्धा नाही, मी हसून म्हटलं. तो हसला नाही. रीत आहे, म्हणाला.

मग मी कोकीळचंच गाणं धरलं. लहानपणी कानावर पडलेलं.

कोपरा गं झाडला, ओटा गं धुतला,
थांब थांब मावशी, पाय नको पुढला.

वीटभट्टी रंगवून झाली. सर्कस झाली. हरणं झाली.

'स्वतःच्या' लिहिलं... आणि पोपट गप्प झाला.

तो कधीच गप्प नसतो.

मी गातच होते. कुंचला 'चुकीने'वर आला... आणि माझ्या सुरात दुसरा सूर मिसळला.

फुटक्या पत्र्यासारखा.

मला वाटलं, मामा चेष्टा करतोय. पण आवाज भिंतीपलीकडून येत नव्हता. माझ्या खांद्याशी होता. आणि त्याची दुसरी ओळ वेगळी होती...

कोपरा गं झाडला, ओटा गं धुतला,
साखळीवरला हात का गं नाही थांबला?

मी थांबले नाही. घसा फोडून गात राहिले. माझं मलाच ऐकू येईना.

साखळी खडखडली.

दरवाजा वर जाऊ लागला. वीतभर... हातभर...

कोठडी रिकामी होती. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पण तिथून ओल्या केसांचा वास आला आणि माझ्या मानेवर गरम, जड श्वास पडला.

कशी बाहेर पडले, आठवत नाही. कडी लावली तेव्हा आतून काहीतरी गजांवर आदळलं. पिंजरा थरथरला. आत कुणी नव्हतं.

मी भिंतीमागे धावले. मामा दोन्ही हातांत साखळी धरून उभा. मला बघून पांढराफटक पडला.

"मी गात होते, मामा."

"थांबलं होतं गाणं. तू बाहेर आलीस असं वाटलं, म्हणून ग्रीस बसलं का ते बघायला ओढली. तुझी शपथ."

त्याचे ओठ हलत होते. मग अगदी हळू म्हणाला,

"तेव्हा नव्हतं थांबलं. तो गात होता. आमच्या दोघांतून त्याला मुकादम केलं होतं... पण आज थांबलं होतं गं. आज खरंच थांबलं होतं."

ती ओळ मी पुसून टाकली. तिच्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. कोकीळच्या बायकोला काही सांगितलेलं नाही. समितीला तो दरवाजा कायमचा जाम करायला सांगितलं. तर म्हणतात, तेच तर मुलांना बघायचं असतं.

पिंजरा पुढच्या रविवारी उघडला.

मामा आता रोज तिथे जातो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत साखळीला बिलगून बसतो. समितीवाले चेष्टा करतात, म्हाताऱ्याचा मावशीवर अजून जीव आहे म्हणून.

मी दुपारी डबा नेऊन ठेवते. बोलत नाही. डबा संध्याकाळी तसाच परत येतो.

परवा न राहवून विचारलंच, जेवत का नाहीस?

त्याने वर पाहिलं नाही. तळहात सोललेले होते.

"दोन्ही हात लागतात," म्हणाला. "कुणीतरी ओढतंय."

भिंतीपलीकडे, पिंजऱ्यात, वीस-पंचवीस मुलं होती. गात होती.